श्रवण – सामान्य

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि मी अशी बाई आहे की आमटीत मीठ जास्त पडलं तरी त्याला ऑफिसात फोन करून सांगते. माझ्या पोटात काही राहत नाही हे आमच्या अख्ख्या जेऊर गावाला ठाऊक. आई म्हणायची, हिला सांगण्यापेक्षा दवंडी पिटलेली बरी. तरी ही एक गोष्ट राहिली. दहा वर्षं राहिली, आणि कुणाला संशयही आला नाही.

तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला सांगायचं तर सांगताना त्याचं तोंड बघावं लागतं. तेवढी छाती माझ्यात नाही, हे मला आता नीट कळलेलं आहे. पुढं वाचाल तर तुम्हालाही कळेल.

मी शिक्षिका आहे. सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. बरं शिकवते — उगाच खोटा विनय कशाला? राग नाकाच्या शेंड्यावर असतो, वही अर्धवट दिसली की मी सोडत नाही, आणि खोटं बोललेलं तर अजिबात खपवून घेत नाही. होय, हे मीच लिहिते आहे. "माझ्याकडं बघून सांग, खोटं बोलू नकोस," असं मी आठवड्यातून चारदा तरी कुणाला ना कुणाला म्हणत असेन. एखादी पोरगी पाया पडायला वाकली की मी पटकन मागं सरकते, आणि सगळ्यांना वाटतं, बाईंना मोठेपणा आवडत नाही.

असो. बी.एड.चं सांगते.

बी.एस्सी. झाल्यावर मी घरी जाहीर केलं की मी शिक्षिका होणार. वडील म्हणाले, हो की, पण आता स्वतःच्या जिवावर हो. त्यांचंही बरोबर होतं, माझ्यामागं दोन बहिणी होत्या. मग मी सोलापुरात आले, तिघींबरोबर एक खोली घेतली आणि शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी धरली. सकाळी सात ते साडेबारा कॉलेज, दोन ते साडेआठ कारखाना. माझं काम चेकिंगचं. शिवून आलेला शर्ट उलटासुलटा करून बघायचा, लोंबते धागे कापायचे, बटण ओढून बघायचं, काज उसवलेलं असलं की बाजूला टाकायचा. दुपारी ज्या पोरांचे कपडे हातातून जायचे, त्यांना शिकवायचं कसं ते मी सकाळी शिकत होते. याची मला तेव्हा मोठी गंमत वाटायची.

गंमत पहिलं वर्षभर टिकली. मला वाटायचं, बी.एड. म्हणजे शिकवणं. बी.एड. म्हणजे लिहिणं. प्रत्येक पाठाचं टाचण लिहा — म्हणजे त्या तासाला काय शिकवणार, काय विचारणार, मुलं काय उत्तर देणार, सगळं आधीच. निरीक्षणवही लिहा, अहवाल लिहा, त्यावर सही घ्या, सहीखाली तारीख घ्या. मी रिक्षात टाचण लिहायचे, जेवणाच्या सुट्टीत गणवेशाच्या गठ्ठ्यावर बसून लिहायचे. एकदा शेंगाचटणीचं तेल एका पानावर सांडलं तर सरांनी अख्खं टाचण परत लिहायला लावलं. मी रडले नाही, पण दोन दिवस चटणीला हात लावला नाही.

हे सगळं का सांगते आहे मी? तुम्हाला माझी कीव यावी म्हणून? थोडंसं तसंच असणार. म्हणून इथंच थांबते. आमच्या तुकडीत एक जण दोन महिन्यांचं बाळ घरी ठेवून यायची, एक दवाखान्यात काम करून यायची. त्यांनी हे केलं नाही. दमलेली काय, सगळीच असतात.

दुसऱ्या वर्षी आम्हाला काही महिने एका शाळेवर पाठवलं. सकाळच्या सत्राची खरी शाळा, खरे वर्ग. तिथं शिकवायचं आणि त्याबरोबर एक 'व्यक्ती अभ्यास' करायचा. म्हणजे अभ्यासात मागं पडणारं एक मूल निवडायचं, त्याच्याशी बोलायचं, त्याच्या घरी जाऊन यायचं, एक बुद्धिमत्तेची चाचणी घ्यायची, आणि हे मूल मागं का पडतं ते शोधून काढून त्याची फाईल करायची. मला विचाराल तर सगळ्या बी.एड.मध्ये मनापासून करण्यासारखी ही एकच गोष्ट असते.

मी अंबिकाला निवडलं.

अंबिका नववीत होती. होटगीहून यायची, वडील रुळांच्या कामावर कंत्राटी. उंच होती म्हणून शेवटच्या बाकावर. प्रश्न विचारला की उभी राहायची आणि नुसती हसायची. हसणं असं की राग यावा, आणि मला तर यायचाच. मुली तिला 'ट्यूबलाईट' म्हणायच्या, दोन-तीन शिक्षकही म्हणायचे. पण माझ्यामागं मात्र ती सारखी असायची. मी वर्गावर निघाले की खडू-डस्टर घेऊन पुढं पळायची. बी.एड.च्या पोरींना शाळेत कोण विचारतो हो? शिपाईसुद्धा चहा आधी खऱ्या शिक्षकांना देतो, उरला तर आम्हाला. पण अंबिकाला मी म्हणजे कोण वाटायचे कुणास ठाऊक. "बाई, तुमी आमच्याच शाळंत ऱ्हावा की," म्हणायची.

तर हिचा अभ्यास करायचा होता. आणि नेमका तोच कारखान्याचा हंगाम. शाळा जूनला उघडतात, पण गणवेश डिसेंबरपासून शिवायला लागतात. मालक रविवारीही बोलवायला लागले. होटगीला जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस — पुढच्या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ. चाचणीची पुस्तिका कॉलेजातून आणून ठेवली होती. तिला एक शांत खोली लागते आणि एक तास लागतो. शाळा सुटल्यावर खोल्या रिकाम्याच असायच्या. अंबिका तर रोज गाडीची वेळ होईपर्यंत ओट्यावर बसलेली असायची. एक तास. मला तिला एक तास देता आला नाही.

आणि मग आमच्या खोलीवरच्या एका ताईनं मला तिची दोन वर्षांपूर्वीची फाईल दिली. "सगळ्या असंच करतात गं," म्हणाली.

इथून पुढं हात जड होतोय. पण लिहिते.

त्या फाईलीत कुणा एका मुलाची माहिती होती. घरी सतत टीव्ही चालू, आईवडील निरक्षर, अभ्यासाला वातावरण नाही, चाचणीत गुण अगदी खालचे. मी ती फाईल उतरवून काढली. मुलाची मुलगी केली, गाव होटगी केलं. कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, चार दिवस. मी कधी न गेलेल्या घरी गेल्याची तारीख टाकली. शारीरिक माहितीचा एक तक्ता होता. उंची अंदाजानं लिहिली. मग लिहिलं: दृष्टी – सामान्य. श्रवण – सामान्य.

चाचणीची उत्तरपत्रिका जोडायची होती, ती कोरी होती. तीही मीच भरली. पेन्सिलीनं, अंबिकाच्या नावानं. गुण त्या मुलाइतकेच यायला हवेत ना? म्हणून बसून, डोकं लावून, चुकीच्या उत्तरांवर खुणा केल्या. नववीतली पोरगी कुठं चुकेल आणि कुठं चुकणार नाही, याचा विचार करत करत. काही खुणा खोडून परत केल्या, खरं वाटावं म्हणून. शेवटी निष्कर्ष लिहिला: बौद्धिक पातळी सर्वसाधारणपेक्षा बरीच कमी, नेहमीच्या अभ्यासक्रमाचा ताण झेपणार नाही. आणि डब्यातली उरलेली भाकरी खाल्ली.

तेव्हा मला काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं. फाईल कपाटात जाते, कपाटातून रद्दीत, कोण वाचतंय? पण वाचली गेली. आमच्या तुकडीत सगळ्यात जास्त मार्क माझ्या फाईलीला पडले. सरांनी वर्गात मला उभं केलं आणि सांगितलं, व्यक्ती अभ्यास करावा तर असा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून उभी राहिले आणि मैत्रिणी म्हणाल्या, लाजली बघा.

फाईल कॉलेजात देण्याआधी तिच्यावर शाळेच्या मुख्याध्यापिकेची सही लागते. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. त्यांनी फाईल वाचली, सही केली आणि एक झेरॉक्स शाळेत ठेवून घेतली. "चांगलं काम केलंस," म्हणाल्या. "जूनपासून तुला तासिकेवर घेते. विज्ञानाची जागा रिकामी होतेय." तासिकेवर म्हणजे पक्की नोकरी नव्हे, जेवढे तास तेवढंच. पण शाळेत पाय तर पडत होता. त्या दुपारी मी कारखान्यात कितीतरी उसवलेली काजं तशीच पुढं जाऊ दिली असतील.

छात्रसेवेचे, म्हणजे त्या शाळेवरच्या आमच्या शिकवण्याचे, शेवटचे चार-पाच दिवस राहिले होते आणि माझा आवाज बसला. घशातून नुसता वारा. तास तर घ्यायचाच होता — आम्ल आणि आम्लारी. फळ्यावर लिहिता लिहिता, मुलींकडं पाठ करूनच बोलत राहायची माझी सवय. त्या दिवशी ते जमेना, पाठ फिरवली की पहिल्या बाकालाही काही ऐकू जाईना. म्हणून मग वर्गाकडं तोंड करून, एकेक शब्द सावकाश ओठांवर घोळवत, हातात लिटमसचा कागद धरून शिकवलं. मुलींचा नुसता कालवा. मी प्रश्न विचारला, सगळ्या गप्प. आणि शेवटच्या बाकावरून अंबिका उठली आणि तिनं बरोबर उत्तर दिलं. दुसरा विचारला, परत तिचाच हात. तिसरा मुद्दाम अवघड विचारला. तिनं उत्तर दिलं, आणि तसं का होतं तेही सांगितलं.

तास संपल्यावर ती खडू गोळा करायला आली. खूश होती. म्हणाली, "बाई, आज समदं कळलं बगा. तुमी आज फळ्याकडं तोंड न्हाय केलं."

म्हणजे गं काय, मी विचारलं. तर तिनं केस बाजूला केले आणि उजवा कान दाखवला. आत कापसाचा बोळा. लहानपणापासून कान फुटायचा, आता त्या कानानं काहीच ऐकू येत नव्हतं. डाव्यानं थोडंसं यायचं. बोलणाऱ्याचं तोंड दिसलं की तिला कळायचं, तोंड फिरलं की संपलं. शाळेत कुणाला सांगितलं का नाहीस, म्हटलं. "सांगितल्यावर पोरी बहिरी म्हनत्यात, बाई. त्यापरीस ट्यूबलाईट बरं की," म्हणाली, आणि हसली. तेच ते हसणं, ज्याचा मला राग यायचा.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी. हो — तेव्हा तरी. मोठ्या बाईंची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. एवढंच सांगायचं होतं की ही पोरगी हुशार आहे, हिला पुढच्या बाकावर घ्या आणि कानाच्या डॉक्टरला दाखवा. पण त्या विचारणार, मग तू श्रवण सामान्य कसं लिहिलंस? चाचणी कशी घेतलीस? घरी कधी गेलीस? मी स्वतःला समजावलं, आता माझी परीक्षा होऊ दे, जूनमध्ये मी इथंच येणार आहे, मग मीच तिला पुढं बसवीन, जास्तीचं शिकवीन. मूग गिळून बसायचं आणि वर त्याला पोरीच्या भल्याचं नाव द्यायचं, हे मला किती सहज जमलं बघा.

जून यायच्या आधी एप्रिल आला.

तुम्ही शाळेतले नसाल तर तुम्हाला हे माहीत नसेल. दहावीचा निकाल वर ठेवायचा म्हणून काही शाळा नववीतच चाळण लावतात. कच्च्या मुलांच्या आईवडिलांना बोलावतात, चहा देतात, गोड बोलतात आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात ठेवतात. सांगतात, सतरा नंबरचा फॉर्म भरा, पोरीला बाहेरून दहावीला बसवा. बाहेरून म्हणजे शाळा नाही, बाई नाहीत, बाक नाही. त्यातल्या किती पोरी खरंच परीक्षेला बसतात? आम्हा सगळ्यांना माहीत असतं. बोलत कुणी नाही.

मोठ्या बाई दुष्ट नव्हत्या. निकाल घसरला की संस्था त्यांना धारेवर धरायची. पण आईवडिलांना पटवायचं तर त्यांच्या हातात काहीतरी लागायचं, आणि अंबिकाच्या बाबतीत ते होतं. मला त्यांचा फोन आला. उद्या तिच्या घरचे येणार आहेत, तू अभ्यास केलायस तिचा, तू असलीस म्हणजे बरं. मला नाही म्हणता आलं असतं. कामावर जायचंय म्हणून सांगता आलं असतं. पण तासिका जूनपासून मिळणार होती, म्हणून मी गेले.

तिच्या आईवडिलांना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. वडील चपला दारात काढून आले आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसले. आई ताठ बसली. अंबिका दोघांच्या मध्ये उभी, बोलणाऱ्याच्या तोंडाकडं टक लावून. मोठ्या बाईंनी झेरॉक्स काढली आणि त्यातलं वाचायला लागल्या. गृहभेटीत असं आढळलं की पालक निरक्षर असून घरात अभ्यासाला पोषक वातावरण नाही — आईनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं.

"ह्या कवा आलत्या आमच्यात?" ती म्हणाली. रागानं नाही हो. खरंच आठवायला लागल्यासारखी.

मला वाटलं, आता उघडं पडणार, संपलं सगळं. आणि खरं सांगते, त्या भीतीच्या तळाशी मला कुठंतरी बरंही वाटलं. आता मला काही करावं लागणार नव्हतं, दुसरंच कुणीतरी करणार होतं.

तेवढ्यात अंबिका बोलली. "आलत्या की आई. तू रानात गेलतीस. च्या पन घेतला बाईंनी."

आणि तिनं माझ्याकडं बघितलं. तिला काय ठाऊक, त्या कागदात काय लिहिलंय आणि ते कशासाठी वाचतायत. तिला एवढंच दिसलं की तिच्या बाई अडचणीत आहेत. म्हणून ती आईशी खोटं बोलली. माझ्यासाठी. चहासुद्धा पाजला मला तिनं, त्या घरात, जिथं मी कधी गेलेच नव्हते.

तरी आईचं मन मानत नव्हतं. "डोक्याचं कसं काय म्हनता वो? घरात सगळं समजतंय की तिला. जरा कानाचं हाय, उजवीकडनं येत न्हाय..." मोठ्या बाईंनी पान उलटलं, एका ओळीवर बोट ठेवलं. "इथं तर श्रवण सामान्य आहे." मग माझ्याकडं वळल्या. "तू तपासलं होतंस ना?"

मी "हो" म्हणाले.

एवढंच आहे माझं सांगणं. एवढं सांगायला मी तुम्हाला कारखान्यात नेलं, चटणी दाखवली, आवाज बसल्याचं सांगितलं. फाईल खोटी लिहिली ती आळसानं लिहिली म्हणा, दमून लिहिली म्हणा. पण हे "हो" मी पूर्ण शुद्धीवर म्हटलं. कानातला कापूस मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता. आणि ज्या पोरीनं नुकतंच मला वाचवलं होतं, ती शेजारी उभी होती, माझ्या तोंडाकडं बघत. माझ्या ओठांवरचं "हो" तिला कळलं असणार. ती काही बोलली नाही. बाई म्हणतात म्हणजे तसंच असणार, असं तिला वाटलं असेल का? की तिनं दुसऱ्यांदा मला पाठीशी घातलं? हे मी आजवर स्वतःला किती वेळा विचारलं, मोजलेलं नाही.

वडील म्हणाले, "शिकल्याल्या मान्सानं बगून लिवलंय, तर खरंच आसंल. आमाला काय कळतंय त्यातलं." दाखल्याचा अर्ज आईनं भरला. सुरेख अक्षर होतं तिचं, माझ्याहून चांगलं. निरक्षर म्हणून लिहिलेली बाई समोर बसून अर्ज भरत होती आणि खोलीत कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं.

ते निघाले तशी मी मागोमाग फाटकापर्यंत गेले. अंबिका सगळ्यात मागं चालत होती. "अंबिका, माझं चुकलं गं," मी म्हणाले. चांगलं मोठ्यानं म्हणाले. पण तिच्या पाठीमागून म्हणाले. पाठीमागून बोललेलं तिला ऐकू येत नाही, हे त्या शाळेत फक्त मला माहीत होतं.

जूनमध्ये मी शाळेत रुजू झाले. पुढं पक्की झाले. मी आता कधीच फळ्याकडं तोंड करून बोलत नाही. आमच्याकडं येणाऱ्या बी.एड.च्या एका मुलीनं माझं हे निरीक्षणवहीत लिहिलं होतं — बाई सदैव विद्यार्थ्यांकडे पाहून शिकवतात, अनुकरणीय. दुसऱ्या एकीची फाईल माझ्याकडं तपासायला आली, तर त्यातल्या घरात तोच टीव्ही अजून चालू होता. मी तिला असं झापलं, असं झापलं की ती पोरगी रडत बाहेर गेली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ते हेच.

अंबिकानं फॉर्म भरला नाही. दोन वर्षं घरी होती, मग लग्न झालं, असं होटगीहून येणाऱ्या एका मुलीकडून कळलं. होटगीला रिक्षा जाते, बस जाते, रेल्वे जाते. मी गेले नाही.

या जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर माझी पाळी होती. आमच्याकडं पहिलीपासूनचे वर्ग आहेत. रांगेतून एक उंच बाई पुढं आली, हाताला सहा वर्षांची मुलगी. "बाई, वळखलं का?" म्हणाली, आणि हसली. मी ओळखलं. ती आता शहरातच राहते, नवरा टेम्पो चालवतो. लेकीला म्हणाली, "ह्या माझ्या बाई. पाया पड." मला मागं सरकायला जागा नव्हती.

मी फॉर्म भरायला घेतला. त्यात आईचं शिक्षण असा रकाना असतो. तिनंच सांगून टाकलं, "नववी लिवा." मग टेबलावर वाकली आणि हळू आवाजात, अगदी आपलेपणानं म्हणाली, "तुमी त्या येळंला बगून सांगितलंत ते लई बरं झालं, बाई. न्हायतर मी नुसती रडायची, मलाच का येत न्हाय म्हनून. डोकंच न्हाय म्हनल्यावर जीव गप झाला." मी फॉर्मवर पत्ता लिहीत होते. ती म्हणाली, "हिची पन घ्या की ती परीक्षा. आदीच कळल्यालं बरं. पोरीला उगा तरास न्हाय."

"आता तसली परीक्षा घेत नाहीत," मी म्हणाले.

"मग कळायचं कसं, बाई?"

मागं रांग होती. मी शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं.

माफी मागायची तर तिची, म्हणून ती इथं मागत नाही. परवाचं तेवढं सांगते आणि थांबते. मधल्या सुट्टीत आम्ही डबे उघडून बसलो होतो. पहिलीच्या बाई सांगत होत्या, त्यांच्या वर्गात एक पोरगी आहे, चांगली चुणचुणीत, पण आई तिला घरी पुस्तक उघडू देत नाही. म्हणते, आमच्यात डोकं न्हाय, बाई, पोरीला ताण देऊ नका. "कोण भरवतं हो यांच्या डोक्यात असलं?" त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडं बघितलं, कारण मी समोरच बसले होते.

"असतात अशी माणसं," मी म्हणाले. मग घंटा झाली. मी डबा झाकला आणि दहावीच्या तासाला गेले.